दत्तोबा पंचांची माफी

दत्तोबा पंच आमच्या वडिवळ्याचे. तरुणपणी स्वतः गाजलेले पैलवान, पुढं पंच म्हणून अख्ख्या मावळात नाव. जत्रेच्या आखाड्यात त्यांनी हात वर केला की विषय संपला. या मानानंच त्यांचं वाटोळं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या वर्षी जत्रेत शेवटची कुस्ती तन्वीर आणि समर्थची लागली. जिंकेल त्याला पुण्याच्या तालमीत ठेवून घेणार होते. त्यासाठी तन्वीरची आई मदिनामावशी हिनं म्हशीचं दूध विकणंच बंद केलं होतं. सगळं पोराच्या पोटात. कुस्ती लागली न लागली तोच समर्थनं डाव टाकला, तन्वीर पडला, लोक ओरडले आणि त्या ओरडण्यावरच दत्तोबांनी समर्थचा हात वर केला.

तन्वीर पाठ फिरवून निघाला. उजवा खांदा लाल मातीनं भरलेला, डावा कोरा! दोन्ही खांदे टेकल्याशिवाय पैलवान चीत होत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मी ओरडलो, पण हलगीच्या कडकडाटात कोण ऐकतंय? दत्तोबांनी मात्र ती पाठ पाहिली. ते माइककडं निघाले, तर कमिटीच्या पप्पूनं त्यांना धरलं.

"आबा, आता शब्द फिरवू नगा. पंचाची इज्जत जाईल."

आणि दत्तोबा थांबले. मला आजही त्याची चीड येते.

दोन दिवसांनी मला सोबत घेऊन ते मदिनामावशीकडं गेले. ओट्यावर हात जोडून म्हणाले, "चुकलो गं. तुझ्या पोरावर अन्याय झाला."

मावशीनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "आबा, हरवलंत चार गावांसमोर, आन माफी माझ्या ओट्यावर मागताय व्हय?"

"पुढच्या जत्रेत माइकवर सांगतो," दत्तोबा म्हणाले.

तन्वीरनं कुस्ती सोडली. खंडाळ्याच्या एका हॉटेलात सामान उचलायला लागला.

यंदा जत्रेत कमिटीनं दत्तोबांचाच सत्कार ठेवला. शाल, फेटा, 'निःपक्षपाती पंच' म्हणून भाषणं. माइक हातात आला. मावशी बायकांच्या घोळक्यात उभी होती. दत्तोबांनी तिच्याकडं पाहिलं, घसा खाकरला.

"गावानं मान दिला, लय आभारी हाय."

मावशी गर्दीतून वाट काढत निघून गेली. पप्पूनं शेवटची कुस्ती पुकारली. दोन नवी पोरं आखाड्यात उतरली आणि आधी दत्तोबांच्या पाया पडली.