आडनावातला प

सौदीतल्या राबिघला आमच्या शेजारी राहणारे चाचा मूळचे श्रीवर्धनकडचे. गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान, बायको गावी. नात्याचे नव्हेत, पण माझ्या आमटीत मीठ कमी आहे हे सांगायचा हक्क त्यांनी पहिल्या आठवड्यातच घेतला. अरबीत प नाही, त्यामुळे त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी ओळखपत्रावर, आडनावातल्या पचा ब झाला होता. अख्खा बाजार त्यांना त्या ब-वाल्या नावानेच हाक मारायचा.

चाचांच्या पोटात गाठ निघाली, हॉस्पिटलात दाखल केलं आणि हा माणूस ऑपरेशनला अडून बसला. "कापाकापी नको. सही करत नाही." मी त्याच हॉस्पिटलात फार्मसीत, म्हणून समजूत घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला समजूत घालता येत नाही, भांडता येतं. दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी हात टेकले आणि त्यांच्या खाटेशेजारी बसून आपलं पुस्तक उघडलं.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन रहस्यकथाकाराचं ते चरित्र. नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी मागे ठेवलेल्या खोक्यात मला मिळालेलं.

"काय वाचतेस गो बाय?"

सांगितलं. पहाटे दुधाची गाडी चालवायचा, दुपारी इस्त्रीच्या टेबलावर टाइपरायटर ठेवून खून पाडायचा. बायको पन्नास पानांतच खुनी ओळखायची, की बिचारा पुन्हा पहिल्यापासून.

"बायको कोकणातली असणार," चाचा म्हणाले.

मग रोज ड्यूटी संपली की मी थोडं थोडं मराठीत सांगायचे. पहिली कादंबरी नऊ प्रकाशकांनी परत पाठवली. दहाव्याकडे गेली तिथे मी पुस्तक मिटलं. "पुढचं ऑपरेशननंतर."

"हा जुलूम आहे."

"आहेच. सही करा."

पुटपुटत केली.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकावर. तीन तासांनी दार उघडलं. एका सौदी कर्मचाऱ्याने इकाम्यावरचं ते ब-वालं नाव पुकारलं, "खलास" म्हणाला आणि आत गेला.

बारा वर्षं मी हा शब्द दिवसातून वीसदा वापरते. चहा झाला, खलास. काम झालं, खलास. पण त्या क्षणी माझे कान थेट रत्नागिरीचे झाले, आणि आमच्याकडे माणूस खलास म्हणजे गेलाच. मी हुंदके देऊन रडले. दहाव्या प्रकाशकाचं सांगून टाकलं असतं तर माझं काय जात होतं, हेच डोक्यात. शेवटी मल्याळी नर्सने येऊन हिंदीत झापलं, "रो क्यों रही हो? ऑपरेशन खलास. पेशंट एकदम ठीक है." माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी चाचांनी डोळे उघडले. "छापलं?"

"छापलं. पण कव्हरवर आडनावातलं एक अक्षर चुकलं. पुस्तक इतकं खपलं की जन्मभर त्याच चुकीच्या नावाने लिहावं लागलं."

चाचा टाके धरून हसायला लागले. मलाही आवरेना. मग एकदम थांबले. "कबरीवर कुठलं नाव घातलं?"

मी शेवटचं पान काढलं. "खरं. बायकोने समोर उभं राहून कोरून घेतलं."

चाचांनी उशीखालचा फोन माझ्याकडे सरकवला.

"आमच्या हिला लाव. सांग, प अजून शाबूत आहे."