भोंडल्याआधीची सभा

मुलांना माणुसकी शिकवायला गेलो आणि माझ्याच मुलीची जिवाभावाची मैत्रीण एका संध्याकाळीत घालवून बसलो.

वाशीत तेव्हा इमारती नव्या आणि माणसं त्याहून नवी. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये नागालँडचं कुटुंब राहायला आलं. त्यांची आलेम्ला आणि आमची मंजू यांचं असं जमलं, की दोघींच्या चपला कुठल्या दारात आहेत ते बघून ताटं घ्यावी लागत. म्हणजे शिकवण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. पण मी राष्ट्रीय एकात्मतेवर एक लेख वाचला होता (अर्धाच, तेवढ्यात ऑफिसची बस आली).

भोंडल्याच्या दिवशी आलेम्ला यायच्या आत सगळ्या पोरांना जिन्यात उभं केलं.

"तिच्या डोळ्यांबद्दल कोणी बोलायचं नाही. तिला चिनी म्हणायचं नाही."

"ती चिनी आहे?" खिरापतीच्या आशेने आलेल्या पिंट्याने विचारलं.

"नाही रे. आपल्यासारखीच भारतीय."

"मग चिनी कशाला म्हणू?"

"म्हणू नकोस, एवढंच सांगतोय."

"काका, तिच्या डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही! आणि ती काहीही बोलली तरी 'नाही' म्हणायचं नाही. पाहुणी आहे."

"पाहुणी कसली?" मंजू म्हणाली. "परवा भांडलो पण आम्ही."

गच्चीवर फेर सुरू झाला. एरवी ढकलाढकली करणारी पोरं आलेम्लाचे डोळे न्याहाळत शोकसभेला आल्यासारखी फिरली. मग खिरापत ओळखायची वेळ आली. डबा झाकलेला, पोरांनी पदार्थांची नावं घ्यायची आणि चुकेल त्याच्यावर सगळ्यांनी ओरडायचं, खरी गंमत त्यातच.

"भेळ?" आलेम्ला म्हणाली.

"बरोबर!" सगळे एका सुरात.

झाकण उघडलं. शिरा.

तिने शिऱ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. "माझी मस्करी करतात," म्हणाली आणि सरळ घरी गेली.

मंजू जेवली नाही. "उद्या आपली खिरापत आहे. ती आली नाही तर मीपण जाणार नाही. तुम्हीच धरा फेर."

"अहो, खरंच धराल," बायको म्हणाली. "नवी गच्ची आहे, जपून."

मीही हट्टाला पेटलो. तसाच समोरच्या दारात जाऊन माझ्या हिंदीत सगळा गुन्हा आलेम्लाच्या आईला सांगितला. तिने शांतपणे ऐकलं.

"भाईसाब, बच्चों को अब और कुछ मत सिखाइए."

दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा सभा. "काल सांगितलेलं सगळं विसरा."

"डोळ्यांचंपण?"

"तेही. आणि चुकली की दणकून ओरडा."

संध्याकाळी आलेम्ला आली, पण गच्चीच्या दारापाशीच उभी राहिली. मंजूने तिला ओढून फेरात घेतलं. खिरापतीचा डबा आला.

"चकली?" ती हळूच म्हणाली.

"चूऽऽक!" पिंट्याने गच्ची दणाणून सोडली.

"शेव?"

"चूऽऽक!"

तिचा चेहरा असा खुलला, की मला राहवेना. मी टाळ्या वाजवत पुढे झालो. "शाब्बास! चुकली, चुकली!"

फेर थांबला.

"मंजू," आलेम्लाने विचारलं, "तुझे बाबा रोज असेच असतात?"

"नाही ग," मंजू म्हणाली. "आज जरा बरे आहेत."