तीन नंबरच्या पलंगावरची पेशंट

"तोंड जरा पाड मावशे. पेशंट वाटायला पाहिजे."

हे मला आमच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला. सात महिन्यांपूर्वी आलेला, माझ्या थोरल्या पोरापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी त्याला अहो-जाहो करते, तो मला अगं-तुगं करतो. नायगाव तालुक्यातल्या त्या आरोग्य केंद्रात मी सतरा वर्षं परिचर आहे. म्हणजे फरशी पुसते, बाळंतपणाच्या खोलीतलं रक्त धुते, चादरी उकळते, कळा सोसणाऱ्या बाईचा हात धरते. त्या दिवशी यातलं काहीच करायचं नव्हतं. तीन नंबरच्या पलंगावर झोपायचं होतं. सिस्टरनं माझ्या मनगटावर सलाईनची नळी चिकटपट्टीनं चिकटवली. बाटली खरी. नळी खरी. सुई नाही.

मी झोपले. तोंड पाडलं. सांगायला लाज वाटते, पण चांगलं पाडलं. आमच्या घरात सगळे म्हणतात, हिला सोंगं भारी येतात. सासूबाईंसमोर डोकं दुखण्याचं सोंग मी दहा वर्षं बिनचूक वठवलंय. ते कसब असं सरकारी कामाला आलं.

झालं होतं असं. दवाखान्यात इलाज कसा होतो ते मोजायला पथक येणार होतं. हात धुतात का, औषधं आहेत का, बायाबापड्यांशी नीट बोलतात का, बाळंतपणं होतात का. प्रत्येक गोष्टीला मार्क. मार्क चांगले पडले तर दवाखान्याला वाढीव निधी, नाही पडले तर बसा तसेच. ऐकून मला खरंच आनंद झाला होता. म्हटलं, बरं झालं. एकदा कुणीतरी येऊन बघा म्हणावं इथं काय चालतं.

पण आमचा डॉक्टर लातूरच्या क्लासमधून निघालेला. मार्क कसे पाडायचे हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पथक काय काय विचारणार त्याचा छापील कागद पंधरा दिवस आधीच आला होता. म्हणजे पेपर फुटलेलाच. त्यानं तो कागद भिंतीला चिकटवला आणि पाठांतर सुरू झालं. हात धुण्याच्या पायऱ्या आम्ही कवितेसारख्या म्हणायचो. नळाला पाणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी. हापशावरून घागरी आणून टाकी मी भरली, तपासणीच्या दिवसापुरती.

वॉर्डात दोन बाया आणि एक म्हातारा ॲडमिट होते. त्यांना आदल्या दिवशी घरी पाठवलं. खरा पेशंट काय बोलेल याचा भरवसा नसतो. पण सगळे पलंग रिकामे दिसले तरी मार्क जातात. मग डॉक्टरनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"हिच्याकडं बघून आजारी वाटतंय. हिला झोपवा."

सगळे हसले. मीही हसले. गरिबाला आपल्यावरचा विनोद सगळ्यांत आधी कळतो आणि हसावंही सगळ्यांत आधी लागतं.

खरी गोष्ट बाळंतपणाच्या खोलीची. ती खोली मी चार दिवस ब्रश घेऊन घासली. टेबलाला नवीन रेक्झीन, वरून प्लास्टिक, कोपऱ्यात कचऱ्याचे चार रंगांचे डबे, डब्यांत काही नाही. दारात रांगोळीसुद्धा काढली सिस्टरनं. मग डॉक्टरनं कुलूप लावलं. त्या खोलीची किल्ली सतरा वर्षं माझ्या कमरेला असायची. ती त्यानं मागितली.

"पथक येऊन जाईपर्यंत इथं बाळंतपण घ्यायचं नाही. येईल तिला नायगावला पाठवा. खोली परत घाण होईल."

मी किल्ली काढून दिली. तोंडातून शब्द काढला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढं मी शूर होणार आहे आणि तुम्हाला वाटेल ही आधीपासूनच तशी. नव्हते. त्या आठ दिवसांत तीन बाया आल्या. तिघींना परत पाठवलं. एकीची वाटेतच, ऑटोत सुटका झाली. आई-लेकरू दोघंही जगली, म्हणून कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मी रांगोळीवर पाय पडू नये म्हणून दाराला दोरी बांधत होते.

तर पथक आलं. एक मॅडम आणि एक साहेब. मॅडमच्या हातात टॅब. त्या माझ्या पलंगापाशी आल्या, गोड हसल्या.

"काय होतंय आजी?"

आजी. मी अठ्ठेचाळीसची.

"ताप हाय."

"इथले लोक नीट बोलतात का तुमच्याशी?"

मागं डॉक्टर उभा. त्याच्या मागं सिस्टर, माझ्याकडं न बघता.

"लई नीट बोलतात."

"मग तुम्ही खूप समाधानी, समाधानी, की असमाधानी?"

"ह्यात सगळ्यात मोठं कोणतं हाय?"

"खूप समाधानी," डॉक्टर मागून म्हणाला.

"मग तेच लिवा."

मॅडमनं काचेवर बोट टेकवलं. टक. सतरा वर्षं मी त्या इमारतीत काय काय ऐकून घेतलं, कुणाकुणाचं, ते सगळं एका टकमध्ये समाधानी झालं. खूप समाधानी.

पथक वॉर्डातून निघून बाळंतपणाच्या खोलीपुढं जाऊन उभं राहिलं. माझ्या पलंगावरून ते दार समोरच दिसायचं. तेवढ्यात बाहेर ऑटो थांबला. बायांचा आवाज आला. सिस्टर पळत व्हरांड्यात गेली.

"आज इथं न्हाई होत. नायगावला न्या. निघा लवकर."

"अवं माय, तेवढं कुठं थांबतंय? पोटातलं का आमचं ऐकून राहिलंय?"

आवाज ओळखीचा होता. आमच्याच गावची गंगाबाई. तिची लेक मंगल लातूरला डाळ मिलवर कामाला जाते, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मंगलचाही आवाज येत होता. आणि मग तो बदलला.

हे मी कुठल्या क्लासात शिकले नाही. पण बाई ओरडायची थांबते आणि घशातून खोल, दाबून जोर करते, तेव्हा वेळ संपलेली असते. तो आवाज मी शेकड्यांनी ऐकलाय. नायगाव तिथून अर्धा तास. रस्ता खोदून ठेवलेला.

"बाहेर काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम. तपासणीला आलेली पेशंट आहे," डॉक्टर म्हणाला.

साहेबांनी दाराकडं बघून पुढचा प्रश्न वाचला. "प्रसूती सेवा चोवीस तास?"

"चोवीस तास सर."

टक.

मी उठले. चिकटपट्टी ओढली. हातावरची लव तेवढी निघाली, ती माझी एकूण जखम. पदर खोचला आणि जाऊन डॉक्टरसमोर उभी राहिले.

"किल्ली द्या."

त्यानं आधी पथकाकडं बघितलं. मग पथकाला ऐकू जाईल इतक्या मायेनं म्हणाला, "मावशी, झोपा बरं. तुम्हाला ताप आहे."

सात महिन्यांत पहिल्यांदा मला अहो म्हणाला तो.

"मला ताप न्हाई. ती पोरगी दारात बाळंत होऊन राहिलीय. किल्ली द्या."

तो वाकला, माझ्या कानाशी आला. माया संपली होती. "झाडणारीनं झाडायचं. डॉक्टर मी आहे. जा, पड गुमान."

एवढंच. शिवी नव्हती ती. याहून वाईट मी ऐकलंय. पण व्हरांड्यात मंगल जोर करत होती, आणि हा माणूस, ज्याला ते थांबवता येणार नव्हतं पण खोली उघडता येणार होती, तो मला माझी जागा दाखवत होता. माझी जागा मला पक्की ठाऊक होती. ती त्या दाराच्या आत होती.

मी मॅडमकडं वळले.

"मॅडम, मी पेशंट न्हाई. मी इथली परिचर हाय. खरे पेशंट काल घरी हाकलले. आन ही खोली आठ दिवसांपास्नं बंद हाय. तुमच्यासाठी."

मॅडमनं माझ्याकडं बघितलं, मग टॅबकडं. व्हरांड्याकडं नाही बघितलं. टॅबकडंच. आणि साहेबांना विचारलं, "सर, मग हिचा फॉर्म रद्द करायचा का?"

मी आयुष्यात बऱ्याच शिकलेल्या माणसांना घाबरले. त्या वाक्यापाशी ते घाबरणं संपलं. दारात एक बाई बाळंत होतेय आणि हिला फॉर्मची फिकीर. मला तिचा रागही आला नाही. कीव आली, आणि कीव येते त्या माणसाला कोण भितं?

मी डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढली. सतरा वर्षांत कुठल्याही डॉक्टरच्या कोटाला मी फक्त धुण्यासाठी हात लावला होता. तो मागं सरकला. मी अंगावर धावून गेले असं वाटलं असावं त्याला. वजन आहे माझं थोडं.

दार उघडलं. मंगलला गंगाबाईनं आणि मी दोन बाजूंनी धरून आणलं. रांगोळी मोडली. टेबलावरचं प्लास्टिक मी दातानं फाडलं. तेवढ्यात सिस्टर आत आली. मला वाटलं भांडायला आली. तिनं हातमोजे चढवले आणि म्हणाली, "मावशे, दिवा इकडं कर." बाई वाईट नाही ती. घाबरट आहे. मीही त्याच जातीची होते, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत.

पंधरा मिनिटांत मुलगी झाली. रडली. मंगल टेबलावरून विचारत होती, "मावशी, सगळं नीट हाय नं?" मी म्हटलं, "नीट हाय." त्या दिवशी मी न भांडता बोललेलं पहिलं खरं वाक्य तेच असावं.

आता पुढचं ऐका. साहेब नंतर खोलीत आले. फरशीवर रक्त होतं. बाळंतपण झालं की असतं. चादर खराब. गडबडीत पिवळ्या डब्यातलं लाल डब्यात पडलेलं. त्यांनी फोटो काढले. स्वच्छतेचे मार्क कापले, कचऱ्याचे कापले. पण 'प्रसूती सेवा चोवीस तास' या रकान्यात पूर्ण मार्क दिले. का, तर बाळंतपण त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. बंद ठेवलेल्या खोलीला मार्क, आणि उघडली म्हणून कापले. हे मोजणारे. यांच्या हातात तराजू. आमच्या गावातला भंगारवालासुद्धा काटा यांच्यापेक्षा सरळ धरतो.

आमचा दवाखाना नापास झाला. सगळ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सतरा वर्षांत एकदा पलंगावर पाठ टेकायला मिळाली, तीबी तुला पचली न्हाई." पण 'माफी माग' म्हणाला नाही.

आठवड्यानं डॉक्टरनं केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद, शेजारी शाईचा पॅड.

"अंगठा कर इथं."

मी कागद उचलला. त्याला वाटलं उचलून नुसता बघतेय. त्यात लिहिलं होतं की त्या दिवशी मी तापानं आजारी होते, दवाखान्यात भरती होते आणि तापाच्या भरात माझ्याकडून गैरवर्तन झालं, त्याबद्दल मी दिलगीर आहे. सोबत भरती रजिस्टरचं पान. माझं नाव. वय पासष्ट. शिक्षण, निरक्षर.

मी दहावी पास आहे. सतरा वर्षं रोज हजेरीपटावर सही करते. त्याच्या सहीच्या पुढच्याच पानावर. त्यानं कधी पान उलटलं नव्हतं.

पासष्टचं जास्त लागलं, खोटं कशाला बोलू. निरक्षर नंतर लागलं. पण लागलं ते खोल लागलं. मला खोटी पेशंट तर केलंच होतं यांनी, आता माझ्या अंगठ्यानं मलाच वेडी ठरवायचं होतं.

मी पॅड बाजूला सारला. त्याच्या खिशातला पेन मागितला. त्यानं दिला, सही करणार असं समजून. कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं: 'मला ताप नव्हता. मला पेशंट म्हणून झोपवलं होतं. बाळंतपणाची खोली आठ दिवस बंद ठेवली होती. त्या काळात तीन बायांना परत पाठवलं. एकीची सुटका रस्त्यात झाली. मी तेव्हा गप्प बसले, ही माझी चूक. खोली उघडली, ही नाही.' खाली सही. पूर्ण नावानं.

झेरॉक्स काढून आणली आणि क्लार्कला म्हटलं, पोच द्या. शिक्का, तारीख, आवक नंबर. तो डॉक्टरकडं बघायला लागला. मी समोरच्या खुर्चीत बसले. परिचरनं तिथं बसायचं नसतं. दुपारी दोनपर्यंत बसले. शिक्का मिळाला. दुसरी प्रत मी जिल्ह्याला पाठवली आहे. उत्तर नाही आलं. येईल म्हणून मी थांबलेलीही नाही.

डॉक्टर अजून इथंच आहे. त्याला काही झालं नाही. मला नोटीस आली आहे, नोकरी राहते की जाते माहीत नाही. पुन्हा तपासणी आहे, दिवस ठरलाय. भिंतीवर नवा कागद लागलाय. काल म्हणाला, "मावशी, यावेळी सहकार्य करा."

करणार आहे. मी दारोदार फिरून राहिलेय, गावात आणि वस्त्यांवर. त्या दिवशी सगळ्यांनी या म्हणून सांगतेय. ज्याला खोकला आहे त्यानं खोकत या. ज्या बाईला परत पाठवलं तिनं लेकराला घेऊन या. ऑटोत बाळंत झालेली येते म्हणालीय. कुणी हाकललं तर मी दारात उभी आहे, नोकरीवर असले तरी, नसले तरी.

मोजायला येताय ना. मग माणसं मोजा.