मी माळ मोजत बसले

"ॲक्यूट लिव्हर फेल्युअर," परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला कळलं नाही हे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं, "मुलीच्या यकृतानं काम सोडलंय. विष डोक्यात चढतंय."

खाटेवर माझी सुमी होती. सात वर्षांची.

आधी त्यांनी विचारलं होतं, "कावीळ कधीपासून?" मी बिनदिक्कत सांगितलं, "काल." त्यांनी सुमीचा झगा वर केला, तर गळ्यातली माळ कमरेपर्यंत आलेली. त्यांना ती माळ ठाऊक होती. "बाई, मी रागावत नाही. खरे दिवस सांगा."

बारा दिवस झाले होते.

तेव्हाची मी म्हणजे लय शहाणी बाई. जिंतूरला आमचं किराणा दुकान, मी ब्लाउज शिवायची, त्यात सातवी पास. गल्लीतल्या पोरांचे आजार मीच ठरवायची! सुमीचे डोळे पिवळे दिसले, तशी तिला जवळच्या खेड्यातल्या माळवाल्याकडे नेलं. झाडपाल्याच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली माळ. डोक्यावर ठेवायची. कावीळ ओढेल तशी ती लांब होते, गळ्यात उतरते, म्हणे. त्यानं दोन दिल्या. एक डोक्यावर, दुसरी नंतरसाठी. ती मी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली.

"अगं, दवाखान्यात तर दाखवू," आमचे मालक म्हणाले.

"काविळीला दवाखान्यात औषध न्हाई, डॉक्टरच म्हणतेत. तुमी तुमची मीठमिरची बघा."

शिवणाची टेप घेऊन मी रोज माळ मोजायची. आज दोन बोटं, उद्या वीतभर. शेजारणींना बोलावून दाखवायची. सुमीची भाकर किती कमी झाली, ते मोजलं नाही. नवव्या दिवसापासून तिला उलट्या सुरू झाल्या, ती दिवसाही झोपून राहू लागली. अकराव्या दिवशी मला 'मावशी' म्हणाली. मी म्हटलं, "माळ ओढायलीय, म्हणून थकलीय." केवढी ती अक्कल!

बाराव्या दिवशी ती हाका मारूनही उठेना, तेव्हा परभणीला आणली. दवाखान्यात रक्त तपासलं. प्रोथ्रोम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. फार लागत होता. मोठ्या शहरात न्यावं एवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी सुमी गेली.

"आधी आणली असती तर?" मी विचारलं.

"वाचलीच असती असं म्हणणार नाही. पण आम्हाला दिवस मिळाले असते."

घरी आले, तर खिळ्यावरची माळ पार खाली लोंबत होती. खिळ्याला कुठं कावीळ झाली होती? काड्या सुकल्या की गाठी सैल होतात, एवढंच. इतके दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर लांब होत होती, हातात टेप होती, आणि ती माळ मी एकदाही मोजली नाही.

तुमच्या लेकराला कावीळ झाली, तर मी केलं ते करू नका. बहुतेक पोरं आपोआप बरी होतात, खास औषध नसतं, हे खरंच आहे. दवाखाना लागतो तो कुठलं पोर बिघडतंय ते वेळेत ओळखायला. आणि घरी जे दिलं असेल, ते डॉक्टरला सांगा. लाजू नका.

बाया अजून मला माळवाल्याचा पत्ता विचारतात. मागच्या वर्षी शेजारणीची लेक आली, पालमला दिलेली. कडेवर पिवळ्या डोळ्यांची पोरगी, पिशवीत माळ आणि झाडपाल्याच्या काढ्याची बाटली. मी भांडले नाही.

"दे ती हिकडं. माझ्या खिळ्याला लावते, दुरून बी लागू होती. तू आत्ताच्या एस.टी.नं परभणी गाठ. आन् काढा दिलास, ते बी डॉक्टरला सांग."

थाप मारायला मला कधीच जड गेलं नाही. या खेपेला ती कामाला आली.

पोरगी सहा दिवस दवाखान्यात होती. बरी होऊन आली. आई पेढे घेऊन दारात. खिळ्याकडे बघून म्हणाली, "काकू, बघा कशी लांब झालीय! माळेनंच उतार पडला."

सगळं तोंडाशी आलं होतं. पोरगी माझ्या चपला घालून अंगणात फटफट चालत होती.

"असंल बाई," मी म्हणाले. उद्या हिचं दुसरं लेकरू आजारी पडलं, तर तिनं आधी माझ्याकडंच यायला पाहिजे.