भिंतीशी बोलणारी आत्या

आमची आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी भिंत वाजवून बघते, पाणी नंतर पिते. गप्पांच्या ओघात तिचा हात हळूच मागे जातो, बोटाचं पेर भिंतीवर टकटक करतं आणि मान किंचित कलते. नव्या माणसाला वाटतं, बाई बांधकाम खात्यात असावी. एकदा आम्ही भाड्याने घर बघायला गेलो होतो. तिथे तिने घरमालकाचं भिंतीतलं कपाट वाजवलं, आतून आवाज बरोबर वाटेना म्हणून उघडायला लावलं. आत गाद्या होत्या. ते घर आम्हाला मिळालं नाही ते दुसऱ्याच कारणाने, पण आई अजून गाद्यांचंच नाव घेते.

भावाची मुलं तिला टकटक आत्या म्हणतात. आई म्हणते, "वन्सं, भिंत भाड्याची आहे, जरा बेताने." आत्या हसते आणि हात मांडीवर ठेवते. थोड्या वेळाने हात पुन्हा मागे गेलेला असतो.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. ती पोलिसात होती, पण चोर-दरोडेखोर पकडणारी नव्हे. माणसं विकणाऱ्यांविरुद्ध सरकारने एक पथक उभं केलं होतं, त्यात ती निवृत्त होईपर्यंत होती. कामाला लावतो, शिकवतो अशा थापा मारून पोरी आणायच्या, पैसे घेऊन दुसऱ्याच्या हवाली करायच्या आणि त्या दुसऱ्याने त्यांना बंद दाराआड राबवायचं, असा तो धंदा. पथकाने खबर लागली की छापा घालायचा, पोरींना सोडवून सरकारी आधारगृहात पोचवायचं आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्यांच्या पाठीशी राहायचं. पथकाला गाडी एकच होती. ती ढकलण्यासाठीच आपली भरती झाली असावी, असं आत्याला बरीच वर्षं वाटत होतं.

टकटक कुठून आली, हे तिने एकदाच सांगितलं. तेही मला नाही, आईला. दोघी स्वयंपाकघरात होत्या, मी दाराशी भाजी निवडत होते. मी तिथे आहे हे आत्याला माहीत होतं, पण सगळा वेळ ती आईच्या पाठीकडे बघून बोलली.

एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर चपलांचे पट्टे शिवायचं काम चालत होतं. खोलीत चिकटवायच्या सोल्यूशनचा वास इतका, की आत पाऊल टाकताच डोळ्यांना धार लागली. छापा नीट पार पडला. मालक सापडला, पोरी सापडल्या. त्यांना खाली नेत असताना आत्या शेवटची नजर फिरवायला मागे थांबली आणि मागच्या भिंतीतून तिला खोकला ऐकू आला. एकदाच, तोंडावर हात दाबून खोकावा तसा.

पथकाला शिकवलेली हाक तिने दिली. "आम्ही पोलीस आहोत. घाबरू नका. बाहेर या." कुणी आलं नाही. तिने पुन्हा तीच हाक दिली, जरा मोठ्याने. तेवढ्यात साहेबांनी जिन्यातून विचारलं, "काय हो, राहिलंय का कुणी?"

"काही नाही साहेब," आत्या म्हणाली. "उंदीर असेल."

आधारगृहात गेल्यावरही त्या पोरी बरेच दिवस गप्प होत्या. हीसुद्धा मालकाचीच चाल असेल, असं त्यांना वाटत होतं. शेवटी त्यांच्यातल्या थोरलीने तोंड उघडलं आणि पहिलं विचारलं ते हेच, की आमची लहानी कुठे आहे? मालकाने म्हणे त्यांना लपायला लावून तालीमच घेतली होती. अधूनमधून त्याची माणसं जिन्यात बूट आपटत यायची आणि ओरडायची, आम्ही पोलीस आहोत, घाबरू नका, बाहेर या. जी विश्वास ठेवून बाहेर येई तिला सगळ्यांसमोर मार, आणि तिच्यापायी बाकीच्याही उपाशी. खरे पोलीस आले तेव्हा बाकीच्या उघड्यावर होत्या म्हणून सापडल्या. लहानीला मालकाने नेहमीसारखं भिंतीआड सारलं होतं. ती धडा चांगला शिकली होती. ती हलली नाही.

पथक धावत गेलं. फळ्या उचकटल्या. मागे एक माणूस उभा राहील एवढी पोकळी होती. पाण्याची बाटली होती, अर्धा शिवलेला पट्टा होता, त्यात सुई तशीच टोचलेली. लहानी नव्हती. तिला कुणी काढलं आणि कुठे नेलं, ते मालक तुरुंगात गेला तरी त्याने सांगितलं नाही. गावोगावच्या ठाण्यांना कळवलं, पण तिचा साधा फोटोही कुणाकडे नव्हता. थोरलीने सांगितलं, गोल चेहरा, कानामागे डाग. एवढ्यावर शोध चालला, आणि कागदावर तो अजूनही चालू आहे.

"उंदीर खोकत नाहीत, वहिनी," आत्या म्हणाली. "ते मला तेव्हाही माहीत होतं. पाय दुखत होते, खाली गाडी उभी होती, म्हणून मी उंदीर म्हणाले."

आईने गॅस बारीक केला.

त्यानंतरच्या छाप्यांत आत्याने हाक मारणं सोडून दिलं. सगळी शोधाशोध झाली की ती एखादं स्टूल नाहीतर उलटी बादली घेऊन संशयाच्या भिंतीशी बसायची आणि बोलायला लागायची. पोलीस हा शब्द नाही, घाबरू नकोस नाही, बाहेर ये तर नाहीच. गुडघा कसा ठणकतो, भावाला कसा पगार पुरत नाही, वहिनी भाजीत मीठ कशी विसरते, मोरीतला नळ किती महिने टपटपतोय आणि वहिनी तो दुरुस्त कसा करत नाही. सुरुवातीला साहेब वैतागले. "बाई, आपण छापा घालायला आलोय. गप्पा छाटायला नाही."

"तुम्ही चहा घ्या साहेब," आत्या म्हणायची. "भिंतीला कान असतात म्हणतात, बघू या."

एकदा माळ्यावरच्या खोक्यांमागून एक पोर रडायला लागली. एकदा लाकडी खाटेच्या पोटातून कुणीतरी हळूच वाजवलं. पुढे साहेबच पथकात नव्याने भरती झालेल्या मुलींना शिकायला आत्याजवळ बसवू लागले. सरकारी परिपत्रकात भिंतीशी गप्पा मारा असं लिहिता येईना, म्हणून त्यांनी 'विश्वास संपादन करणे' असं लिहिलं. आत्याला ते वाचून फार हसू आलं होतं.

या सगळ्याचा ताप झाला तो आईला. एकदा ती आत्याचा डबा द्यायला आधारगृहात गेली, तर तिथली एक मुलगी तिला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाली, "नळ दुरुस्त न करणाऱ्या वहिनी त्या तुम्हीच का?" आई तणतणत घरी आली. सरकारी खर्चाने माझी बदनामी चाललीय म्हणाली. मी म्हटलं, मग नळ दुरुस्त करून टाक. तर म्हणे, वायसर बदलला की महिन्याभरात पुन्हा गळतो, त्यापेक्षा खाली बादली बरी. खरं सांगायचं तर तो नळ आता पथकाच्या कामाचा होता आणि आईला ते कळत होतं.

आत्या निवृत्त झाली. निरोपाला साहेब चांगलं बोलले, किती पोरी सोडवल्या ते त्यांनी सांगितलं, टाळ्या झाल्या. आत्या व्यासपीठावर खुर्चीत बसली होती आणि तिची बोटं मागच्या लाकडी पडद्यावर वाजत होती. मला तेव्हा तिचा राग आला. एवढ्या पोरी सुटल्या, त्यांच्यातली एकही हिला पुरत नाही, असं मनात आलं.

परवा दुपारी पथकाच्या नव्या मॅडमचा फोन आला. पूर्वी आत्याच्या हाताखाली शिकलेल्यांपैकीच त्या. एका बोळात माडीवर खेळण्यांच्या पॅकिंगचा कारखाना होता. छापा झाला होता, कामाला असलेल्या मोठ्या बायका सापडल्या होत्या, आणि आत दुसरं कुणी नाही असं सगळे शपथेवर सांगत होते. पण दाराशी एक चपलेचा जोड होता, लहान पोरीच्या मापाचा. आत्याचा गुडघा आता जिने चढू देत नाही, म्हणून तिला घेऊन मी गेले.

लांबट खोली. तीन बाजूंना छतापर्यंत खोके, त्यामागे पत्रा आणि पत्र्यामागे शेजारच्या गोदामाची भिंत. मॅडम म्हणाल्या, "आत्या, सगळं फोडायचं तर परवानगी यायला उद्या उजाडेल. आणि कुठे फोडायचं तेही कळत नाही. आत कुणी असलंच तर घाव तिच्यावरच बसायचा."

"पहारा ठेवाल ना?"

"पुढे ठेवीन. पण मागे त्या गोदामाचं दार आहे. ते कुणाचं आणि कुठे उघडतं, तेच अजून कळलेलं नाही. आम्ही इथून हललो की तिला तिकडून काढतील."

आत्याने माझ्याकडे स्टूल मागितलं. बूटवाल्या पोलिसांना तिने जिन्याच्या खाली पाठवलं. मग ती बसली आणि सुरू झाली. गुडघा झाला, पगार झाला, मीठ झालं. नळही तिने सगळा सांगितला, बादलीसकट. मी दाराशी उभी राहून आमच्या घरची लक्तरं ऐकत होते. पत्र्यामागून काही नाही. बाहेर ऊन उतरायला लागलं. मॅडमनी दोनदा दारातून डोकावून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा माझ्या कानात म्हणाल्या, "ताई, आता त्यांना उठवा. फार तर आपली चूक झाली असेल."

मी जाऊन आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. ती उठली नाही. तिच्याकडचं सगळं बोलून संपलं होतं, ते मला कळत होतं. घसा बसला होता. मग पत्र्याकडे बघत, आवाज न चढवता ती म्हणाली, "एकदा अशाच भिंतीतून मला खोकला ऐकू आला होता. मी उंदीर आहे म्हटलं आणि निघून गेले. ती तिथेच राहिली. लहानी म्हणायचे तिला. ती पुन्हा सापडली नाही. माझ्यामुळे नाही सापडली. म्हणून मी आता कुठूनच लवकर उठत नाही. तुला हवं तेवढं थांब तू. मी आहे बसलेली."

तिचे हात मांडीवर होते. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी खोक्यांवरची बाहुल्यांची चित्रं बघत राहिले. सगळ्या बाहुल्या एकसारख्या हसत होत्या.

मग डाव्या कोपऱ्यातून, अगदी खालून, कुणीतरी विचारलं, "नळ दुरुस्त झाला का?"

आत्या जागची हलली नाही. "नाही गं," ती म्हणाली. "वहिनी ऐकेल तर शपथ."

खोके सरकवायला मॅडम आणि मी दोघीच पुरलो. पत्र्याचा खालचा तुकडा निघाला. पोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. डोळे उजेडाने मिटले होते, ओठ कोरडे पडले होते. आत्याने तिला जवळ घेतलं, पाणी पाजलं. मग हलक्या हाताने तिचे केस बाजूला केले आणि कानामागे पाहिलं. आधी एका, मग दुसऱ्या. लहानी आज असलीच तर माझ्या वयाची असेल, हे काय आत्याला माहीत नव्हतं? तरी तिने पाहिलं. मग केस पुन्हा नीट बसवले.

आधारगृहात पोरीला पोचवून, तिथल्या डॉक्टरबाईंच्या स्वाधीन करून आम्ही घरी आलो. मी आईला सगळं सांगितलं, नळासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नळवाला बोलावला, आणि नुसता वायसर नव्हे, नळच नवा बसवून घेतला.

संध्याकाळी आम्ही तिघी चहाला बसलो तेव्हा घर फार शांत वाटलं. इतकी वर्षं त्या टपटपीची सवय झालेली. आत्याने कप खाली ठेवला आणि मान कलती केली. हात मागे भिंतीकडे गेला.

"मिळाली ना गं कालची," मी म्हटलं. "आता तरी पुरे कर."

"ती मिळाली," आत्या म्हणाली. "ही नाही मिळाली." आणि तिने भिंत वाजवली. मग म्हणाली, "नळ वाजायचा तोवर बरं होतं, वहिनी. आता खोकलाच ऐकू येतो."

आई बेताने वाजवा म्हणाली नाही. ती आपला पाट उचलून आत्याशेजारी येऊन बसली, पाठ माझ्याकडे आणि तोंड भिंतीकडे. आयुष्यभर जिने या प्रकाराची टिंगल केली, ती माझी आई पदराला हात पुसत भिंतीला म्हणाली, "लहाने, नळ दुरुस्त केला बरं का मी. आमच्या वन्सं उगाच काहीबाही सांगतात. भाजीत मीठही असतं."

आत्या उत्तराची वाट बघत बसली. मग बघता बघता मीही कान दिला.