नीलेशची रायफल आणि मॉसीचा डोंगर

खट्ट... खटाक!

नागपुरात मी एका शाळेत शिपाई होतो. एनसीसीची मुलं मैदानात ओळीनं उभी राहून रायफलीचा बोल्ट, म्हणजे बाजूचा तो लोखंडी दांडा, मागे ओढायची आणि पुढे ढकलायची. सगळ्यांचा मिळून एकच आवाज! मी घंटेपाशी उभा राहून ऐकत राहायचो. पुढं कितीतरी वर्षं तो कानावर आला नाही. आला तो एकदम आयर्लंडात, ट्रलीजवळच्या एका बंदुकांच्या दुकानात. आणि दांडा ओढणारा होता माझा मुलगा!

त्या दुकानात आम्ही इतके शनिवार घालवले, की किस्से गोळा करावे लागलेच नाहीत. बुटांना चिखल लागावा तसे लागून घरी आले. मी बोलतो कमी आणि सावकाश. माझा एक किस्सा संपेपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा निवतो. म्हणून म्हटलं, लिहूनच काढू.

* * *

माणसं चारच. माझा मुलगा नीलेश, इथं हाडांचा डॉक्टर. सून गौरी. नीलेशचा शाळेपासूनचा मित्र केदार, तो लांब ल्यूकन गावी राहतो, सॉफ्टवेअरवाला, सुट्टी मिळाली की गाडी काढून आमच्याकडे. आणि मॉसी. म्हातारा शेतकरी, हरणांचा शिकारी. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन नीलेशनं केलं, तिथून ओळख.

मॉसीची चार-पाच शिकाऱ्यांची टोळी. डोंगरावरची हरणं मारण्याची परवानगी त्यांच्याकडे. त्यातला एक ऑस्ट्रेलियाला गेला, जागा रिकामी झाली. नीलेशनं विचारलं, मी येऊ का?

मॉसी म्हणाला, "खुबा बसवलास म्हणून डोंगर देणार नाही हं! स्वतःची रायफल स्वतः निवड. दोनशे मीटरवरून तीन गोळ्या बशीएवढ्या जागेत मार. मग बघू."

ट्रलीत येऊन नीलेशला बरीच वर्षं झाली होती. पेशंट भरपूर मिळाले, मित्र एकही नाही. ड्युटीवरून यायचा, जेवायचा, फोन बघत बसायचा. त्या दिवशी मात्र घरात शिरताच ओरडला, "बाबा, आपल्याला रायफल घ्यायचीय!" असा आवाज मी त्याचा दहावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता. मला शिकारीतलं काही कळत नाही. पण ती जागा त्याला मिळावी, असं फार वाटलं.

* * *

केदारनं लगेच एक्सेल शीट बनवली. कुठली रायफल, कुठलं काडतूस, गोळी किती लांब जाते, सगळं रंगीत! सगळ्यात लांब मारणारी त्यानं हिरव्या रंगात ठेवलेली.

"मॉसी, ही बघ. हजार मीटरवरून हरीण पडतं!"

मॉसीनं लॅपटॉप नीट पाहिला. मग उठून आमच्या बैठकीच्या खिडकीचा पडदा सरकवला. बाहेर आमच्या केरी जिल्ह्याचं नेहमीचं धुकं.

"तुमचं गेट दिसतंय?"

"नाही."

"गेट दिसायला लागलं की हजार मीटरचं बोलू."

* * *

मग नीलेशचं मन एका जाड नळीच्या रायफलीवर बसलं. दुकानदारही म्हणाला, जड नळी तापली तरी गोळी भरकटत नाही, खांद्याला धक्काही कमी. देखणी होती! नीलेश तिच्यावरून हात फिरवत होता, जसा लहानपणी नव्या सायकलीवरून फिरवायचा.

 मॉसी बाहेर गेला आणि जीपमधून बटाट्यांची पिशवी घेऊन आला.

"वर दुर्बीण बसवली की वजन साधारण एवढंच होईल. ही खांद्याला लाव, तो समोरचा चढ चढून ये. रायफल पळून जात नाही."

आम्ही दुकानात चहा पीत थांबलो. बऱ्याच वेळानं नीलेश आला. तोंड लालबुंद, गुडघ्यापर्यंत चिखल. पिशवी खाली ठेवली आणि दुकानदाराला म्हणाला,

"हलकी दाखवा."

* * *

हलकीचा किस्सा केदारच्या कपाळावर आहे.

हलकी रायफल आणि मोठं काडतूस, की धक्का जोरात. मॉसीनं रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, बजावलं होतं, "डोळा दुर्बिणीपासून लांब ठेव." केदारला जवळून छान दिसत होतं. धाड! दुर्बिणीची कड भुवईवर बसली. अर्धचंद्र उमटला, अगदी कोरल्यासारखा!

नीलेश पट्टी लावत होता. मॉसी वाकून म्हणाला, "ग्रँड! आता तू आमच्यातला. हे बघ." आणि त्यानं टोपी वर करून स्वतःच्या भुवईवरचा तसलाच जुना अर्धचंद्र दाखवला.

सोमवारी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये केदारनं कॅमेरा बंद ठेवला. मॅनेजरनं कारण विचारलं तर म्हणाला, "नेट स्लो आहे."

* * *

खरा अडथळा गौरी होती. "बंदूक उंबऱ्याच्या आत नको," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मॉसी तिला एकदा, आम्हा तिघांसकट, गाडीत घालून शेजारच्या लागवडीवर घेऊन गेला. हरणांनी कोवळ्या झाडांच्या साली सोलून खाल्लेल्या, रांगाच्या रांगा वाळलेल्या. त्यानं सांगितलं, इथले लांडगे कधीच संपले, हरणं वाढतच राहतात, आणि हिवाळ्यात त्यांना चारा पुरत नाही.

गौरीनं एकच विचारलं. "ते तडफडतं का?"

 मॉसी नीलेशकडे वळून म्हणाला, "इतके आठवडे तुम्ही दोघं मला वेग विचारताय, अंतर विचारताय. पहिला बरोबर प्रश्न हिनं विचारला! जिथून एका गोळीत जाईल याची तुला खात्री आहे, तेवढंच तुझं अंतर. त्यापुढं रायफल पोचत असली तरी तू पोचत नाहीस."

त्याच शनिवारी रायफल ठरली. ना जड ना हलकी, मधल्या वजनाची, ‘तीनशे आठ’ नावाच्या काडतुसाची. केदारच्या शीटमध्ये ती पिवळ्या रंगात होती, पार खाली!

* * *

परवान्याआधी बंदुकीची तिजोरी भिंतीला ठोकून दाखवावी लागते. तपासायला पोलीस येतो, त्याला इथं गार्डा म्हणतात. हा गार्डा उंचापुरा, फार नम्र. बूट दारात काढले. तिजोरी हलवून पाहिली, कुलूप पाहिलं, म्हणाला, "उघडा."

नीलेशनं उघडली. आत कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या!

गौरी म्हणाली, "तिथं अंधार असतो, गार असतं. रायफल येईपर्यंत रिकामीच होती ना!"

गार्डानं एका बरणीचं झाकण उघडून वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. झाकण घट्ट लावून म्हणाला, "हे कुलपातच राहू द्या."

* * *

आता शेवटचा.

मॉसीची तीन गोळ्यांची परीक्षा दसऱ्यानंतरच्या शनिवारी होती. दसऱ्याला गौरीनं पूजा मांडली. विळी, सुऱ्या, नीलेशचा स्टेथॉस्कोप, केदारचा लॅपटॉप आणि मधोमध पाटावर रिकामी रायफल. हळद, कुंकू, सुपरमार्केटातली शेवंती, वर मूठभर अक्षता. उंबऱ्याच्या आत नको म्हणणारीनं स्वतः ओवाळलं! मग बाहेर जाऊन गाडीलाही कुंकू लावलं. हळद-कुंकू-अक्षतांची पुडी गाडीतच राहिली.

शनिवारी रेंजवर आम्ही सगळे. गौरी डबा घेऊन आली होती. नीलेश आडवा झाला. आधी सरावाच्या दोन गोळ्या. पहिली बशीच्या बाहेर, डावीकडे. दुसरी त्याहून बाहेर! आदल्या आठवड्यात हीच रायफल एका भोकात दुसरी गोळी घालत होती. नीलेशचा चेहरा उतरला. 

मॉसीनं रायफल घेतली, रिकामी केली. खिशातला कागद काढून नळी आणि लाकडाच्या मधल्या फटीतून सरकवायला लागला. नळीला तिथं काहीच टेकायला नको, टेकलं की गोळी भरकटते; कागद सहज जायला हवा. अर्ध्यात अडला. मॉसीनं चाकूच्या टोकानं उकरलं आणि तळहातावर एक लाल दाणा धरला.

"तांदूळ?"

 केदार हळूच म्हणाला, "बासमती."

गौरी रडकुंडीला आली. "मीच वाहिल्या. पूजेच्या होत्या." नीलेशनं मॉसीला समजावलं. वर्षातून एक दिवस आम्ही हत्यारांना नमस्कार करतो. ज्यांच्यावर पोट चालतं, ज्यांच्यामुळे जीव जाऊ शकतो, त्या सगळ्यांना.

मॉसीनं ऐकून घेतलं. दाणा कोटाच्या खिशात टाकला. "आता मार."

एक. बशीत! दोन. बशीत! तिसऱ्या वेळी मी डोळेच मिटले. केदारच्या ओरडण्यावरून कळलं!

मॉसी बराच वेळ दुर्बिणीतून पाहत राहिला. मग म्हणाला, "पुढचा शनिवार. उजाडायच्या आत. बूट चांगले घाल." नीलेशनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याची पाठ चोळली.

मॉसी जीपकडे गेला आणि त्याची स्वतःची रायफल घेऊन आला. जुनी, त्याच्या वडिलांची, लाकूड हात लागून लागून काळं पडलेलं. बोल्ट उघडून रिकामी असल्याचं दाखवलं. आमच्या गाडीच्या बॉनेटवर आडवी ठेवली आणि गौरीसमोर टोपी काढून उभा राहिला.

गौरीनं गाडीतून पुडी आणली. लाकडावर कुंकू लावलं, हळद लावली. मग चिमूटभर अक्षता उचलल्या, तशी मॉसीनं आपला रुंद पंजा नळीच्या फटीवर आडवा ठेवला.

गौरी हसली. तिनं त्या अक्षता त्याच्या टकलावर टाकल्या.

मॉसीनं रायफल खांद्याला अडकवली आणि डोक्यावरचे दाणे तसेच ठेवून, टोपी हातात धरून जीपकडे चालायला लागला.