बेटांखालचा भूकंप आणि धानाचा ढोला

परवा चंद्रपूरच्या बाजारात वाळलेल्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला आणि गडचिरोलीच्या जंगलातलं एक परसदार आठवलं. तिथे आम्ही भूकंपाच्या लहरी टिपणारं यंत्र पुरलं होतं. घर एका म्हाताऱ्या बाईंचं. मुसळाचे ठोकेही यंत्रात उमटतात म्हटल्यावर त्या महिनाभर नाल्यापलीकडे जाऊन धान कांडत होत्या, एका शब्दानंही कुरकुर न करता. एका सकाळी मी लॅपटॉप जोडला, तर दूर समुद्रातल्या बेटांखाली झालेला भूकंप त्यात उमटला होता, इतका स्वच्छ की माझं नाचायचंच बाकी राहिलं. "बाई, दूर समुद्रातल्या बेटांखाली भूकंप झाला, त्याच्या या लहरी. यांवरून पृथ्वीच्या पोटात काय आहे ते कळतं," मी म्हणालो. त्यांनी पडवीतल्या बांबूच्या ढोल्यावर बोटांनी टकटक केली. "आमी बी असंच ठोकून पायतो, आत धान कुठवर हाये ते." माझी एवढ्या वर्षांची विद्या त्यांनी दोन ठोक्यांत सांगितली होती. मग मोहफुलं पसरता पसरता त्यांनी विचारलं, "पन भाऊ, तिथल्या लोकायचे घरं तं नाई पडले ना?" मी ते पाहिलंच नव्हतं. आता पडद्यावर लहर कितीही देखणी उमटो, मी आधी ते पाहतो.